सतरंजी, सहा मुलं आणि आगगाडी चालवणारं बदक

मावशींनी सतरंजी झटकली की गल्लीतली मांजरंसुद्धा जांभई देतात, असं त्यांचे यजमान म्हणायचे. यजमान म्हणजे ड्रायव्हर आजोबा. जन्मभर बस चालवून ते घरी बसले होते, आणि घरी बसल्यापासून बायकोच्या पाळणाघराचे कायमचे प्रेक्षक झाले होते. यजमानांच्या बोलण्यातलं अर्धं सोडून द्यावं, असं मावशींचं स्पष्ट मत होतं. पण हे दुसऱ्या अर्ध्यातलं होतं.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या. मागच्या खोलीत संसार, पुढच्या खोलीत मुलं. दुपारी मुलांची जेवणं आटोपली, तोंडं पुसून झाली, की मावशी खिडकीचा पडदा ओढायच्या आणि कपाटावरून निळ्या पट्ट्यांची मोठी सतरंजी खाली काढायच्या. ती एकदाच झटकायच्या. फाट्. मग अंथरून चारही कोपरे तळहातानं सपाट करायच्या. नाटकाची तिसरी घंटा झाली की भरलेलं थिएटर जसं एका क्षणात गप्प होतं, तशी ती खोली गप्प व्हायची. प्रत्येक मूल आपल्या ठरलेल्या जागी जाऊन आडवं व्हायचं. मावशी कोपऱ्यात बसायच्या, हाताशी येईल ती पाठ थोपटायच्या आणि एकाच सुरात सांगत राहायच्या, "दार झोपलं. खिडकी झोपली. खिडकीतली माशी झोपली. चपला झोपल्या. आधी डावी झोपली, मग उजवी झोपली. बादली झोपली..."

बादलीच्या पुढे काय येतं हे एकाही मुलाला माहीत नव्हतं. बादलीच्या पुढे आजवर कुणी गेलंच नव्हतं.

मुलांना आईबापांनी हौसेनं ठेवलेली नावं होती, पण ती दाराबाहेर चपलांबरोबर राहायची. आत आलं की मावशींनी ठेवलेलं नाव चालायचं. भोंगा, तीन वर्षांचा. त्याला कानात बोललेलं माहीतच नव्हतं. मुंगी सगळ्यांत लहान, जमिनीवरचा एकूण एक कण वेचून तोंडात घालणारी. पाहुणा वर्षभर रोज येत होता, तरी रोज सकाळी पहिल्यांदाच आल्यासारखा रडायचा. जुळ्यांना आधीचा आणि नंतरचा म्हणायचे. कोण कुठला हे फक्त ड्रायव्हर आजोबांना कळायचं, आणि तेही फेकत असावेत असा मावशींना संशय होता.

आणि वकील. पाच वर्षांची ही बाई आठ महिन्यांची असताना मावशींकडे आली होती. मुलं पहिल्यांदा आई म्हणतात, बाबा म्हणतात. ही पहिल्यांदा म्हणाली, "का?" तेव्हापासून मावशी उत्तरं देत होत्या. हे मूल आपल्याकडून कधी जाईल, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

ते मनात आणून दिलं वकिलाच्या आईनं. ती इस्पितळात नर्स होती. एका संध्याकाळी मुलीला न्यायला आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, राग मानू नका हं."

असं सुरू होणारं वाक्य पुढे काय घेऊन येतं ते मावशींना ठाऊक होतं. त्यांनी पदराला हात पुसले.

"दुपारी तुमच्याकडे ही ढाराढूर झोपते. आणि रात्री माझ्या पोटावर बसून विचारते, माशाला तहान लागते का. मला पहाटे ड्यूटी असते. मी झोपू कधी?"

"अगं, मूल झोपलं तरच वाढतं."

"वाढू दे हो. पण तिला जरा लवकर उठवत जा ना."

मावशींनी कोरडे हात पुन्हा पदराला पुसले. कारण त्यांना उठवता येत नव्हतं. घरात पाठची चार भावंडं त्यांनीच निजवली, मग स्वतःची दोन, मग पाळणाघरातली तर किती तरी. निजवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण उठणं हे ज्याचं त्यानं करायचं काम, अशी त्यांची समजूत. झोपलेल्या मुलाला हाक मारायला गेलं की त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा, हात आपोआप थोपटायला लागायचा, आणि मूल कूस बदलून आणखी गाढ झोपायचं.

"कोपऱ्यावर ते नवीन निघालंय ना," वकिलाची आई म्हणाली, "तिथे मुलांना झोपवत नाहीत. तिथे उपक्रम असतात. तुमच्याकडे मुलं झोपण्यापलीकडे काही करतात का हो? मी पुढच्या महिन्यापासून हिला तिथे घालायचं म्हणतेय. अजून नक्की नाही. शनिवारपर्यंत सांगते."

ती गेल्यावर मावशींनी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच जोरात लावली.

"उपक्रम म्हणजे काय गं?" ड्रायव्हर आजोबांनी विचारलं.

"मातीचे गोळे करायचे."

"भोंगा करतो की. ब्रेडचे करतो, आणि भिंतीला चिकटवतो. त्यांच्याकडे चिकटवतात का?"

"तुम्हाला थट्टा सुचतेय. माझी वकील चाललीय."

आजोबांनी एक पातेलं पुसायला घेतलं. पुसता पुसता म्हणाले, "शनिवारी वाचनालयाच्या मागच्या मैदानात सिनेमा आहे. मुलांचा. एक बदक आगगाडी चालवतं म्हणे. ने सगळ्यांना. हा काय उपक्रम नाही?"

मावशींच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. मग त्यांनी ते हळूच ठेवलं.

शुक्रवारी प्रत्येक आईबापाला त्यांनी दारात गाठून सांगितलं, उद्या मुलं सिनेमाला नेतेय, परस्पर मैदानातूनच घेऊन जा. वकिलाच्या आईला जरा मान वर करूनच सांगितलं. "जागी राहून बघतील सगळी," त्या म्हणाल्या. "तू ये आणि बघ."

शनिवारी ऊन उतरल्यावर वरात निघाली. ड्रायव्हर आजोबांनी कपडे वाळत घालायची दोरी आणली होती. पुढचं टोक त्यांच्या हातात, मागचं मावशींच्या, मध्ये सहा मुलं दोरीला धरून. "चला, पुढे सरका, आत जागा आहे," आजोबा ओरडले आणि गाडी सुटली. दर कोपऱ्यावर थांबा. दर थांब्यावर वकील विचारायची, "इथे कोण उतरणार?" आणि पाहुणा रडायला लागायचा, कारण आपल्यालाच उतरवतील अशी त्याला भीती. मुंगीनं वाटेत एक बटण आणि निम्मं बिस्कीट मिळवलं. बटण तोंडातून काढण्यात एक थांबा गेला. मावशींच्या एका खांद्याला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी होती, आणि दुसऱ्या काखेत गुंडाळलेली सतरंजी. एवढी मोठी घरात तेवढीच होती, आणि मैदानात मुंग्या असतात.

मैदान अर्धं भरलं होतं. दोन खांबांमध्ये पांढरा पडदा ताणला होता आणि वाऱ्यानं तो पोट फुगवून पुन्हा आत घेत होता. विजेच्या दुकानाचा मालक टेबलावर यंत्र मांडून उजेड नीट पडतोय का ते बघत होता. दिवसभर तापलेल्या गवताचा वास येत होता. माणसं चादरी, पोती, खुर्च्या, मिळेल ते घेऊन आली होती. सगळीकडे नाटक सुरू होण्याआधीची ती गोड गडबड. कोण पाणी मागतंय, कोण कुणाला हाका मारतंय, कोण उगीचच उठून पुन्हा बसतंय.

मावशींनी छानशी जागा बघितली. आजोबांनी घडीचं स्टूल उघडायला घेतलं. मावशींनी सतरंजी सोडली, दोन्ही हातांत धरली आणि झटकली.

फाट्.

स्टूल उघडता उघडता आजोबांचे हात थांबले. "अगं," ते म्हणाले. पण तोवर मावशी वाकून चौथा कोपरा सपाट करत होत्या.

आधीचा आणि नंतरचा दाराकडच्या जागेवर जाऊन आडवे झाले. दार नव्हतं, पण असतं तर ते तिथेच असतं. पाहुणा मध्ये. भोंगा त्याच्या पायाशी. मुंगी कडेला, मूठ गालाखाली घेऊन. मावशी बघतच राहिल्या.

"अरे, झोपताय काय? सिनेमा आहे ना? बदक येणारेय."

बदक या शब्दावर भोंग्यानं एक डोळा उघडला, आणि काम झाल्यासारखा मिटला.

वकील तेवढी बसून होती. मग तीही हळूहळू कलायला लागली.

"वकीलबाई, तुम्ही सुद्धा?"

"मी झोपत नाहीये. मी नुसती आडवी होतेय."

"मग दिसेल कसं?"

"आडवं होऊन पण दिसतं."

"डोळे मिटलेस ना."

"डोळे मिटून ऐकू येतं," वकील म्हणाली. तिचं पुढचं म्हणणं कोर्टाला ऐकायला मिळालं नाही.

तेवढ्यात मैदानातले दिवे गेले आणि पडद्यावर बदकाची एंट्री झाली. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, आणि चेहऱ्यावर असा भाव की आगगाडी आपण अंड्यात असल्यापासून चालवतोय. सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. निळ्या सतरंजीवर कुणी हललं नाही.

"हाऊसफुल्ल," आजोबा स्टुलावरून म्हणाले. "फक्त पडद्याकडे पाठ आहे."

"तुम्ही आधी का नाही बोललात?"

"बोलणार होतो. तुझा हात माझ्या तोंडापेक्षा वेगानं चालतो. सगळा संसार या सतरंजीबरोबर काढलाय मी. म्हणून तर स्टूल आणलं."

मावशींनी मैदानाच्या वाटेकडे बघितलं. वकिलाची आई येणार. येऊन बघणार काय, तर जे ती दारात बोलून गेली होती तेच. सिनेमाला आणूनसुद्धा झोपवलीच. त्यांनी बिस्किटांचा पुडा कानाशी चुरचुर वाजवला. मुंगीनं झोपेतच तोंड उघडलं. बिस्कीट घातलं, तर तिनं झोपेतच चावलं. त्यांनी पाहुण्याच्या पायाला गुदगुल्या केल्या, तर तो गोड हसला आणि कुशीवर वळला. जागेपणी वर्षभरात तो इतका गोड हसला नव्हता. शेवटी मावशी कोपऱ्यात बसल्या आणि त्यांना जे येत होतं तेच उलटं करून बघितलं.

"दार उठलं," त्या म्हणाल्या. "खिडकी उठली. खिडकीतली माशी उठली. चपला उठल्या. आधी डावी उठली..."

शब्द उलटे होते, पण सूर तोच. मागच्या खुर्चीवर एक चष्मेवाले गृहस्थ होते. उजवी चप्पल उठायच्या आत त्यांची मान छातीवर पडली.

"बास कर, बाई," आजोबा कुजबुजले. "मैदान आडवं होईल."

मागच्या रांगेतली एक बाई किरकिरतं पोर काखेत घेऊन वाकत वाकत आली. "ताई, तुमची सगळी झोपली वाटतं. नशीबवान आहात. ह्याला जरा टेकवू का कडेला? सिनेमा बघूच देत नाही मेला."

नाही कसं म्हणणार? पोर टेकवलं. पोरानं तोंड वाकडं केलं, मावशींचा हात पाठीवर पडला, तोंड सरळ झालं. हे बघून पलीकडची एक बाई आपलं घेऊन आली. मग एक बाबा दोन घेऊन आला. "इथे ठेवतात ना?" त्यानं विचारलं, जसं सामान ठेवायचं असतं. पडद्यावर बदक बोगद्यात शिरलं तोवर सतरंजीवर तीळ ठेवायला जागा उरली नव्हती, आणि शेवटी आणून ठेवलेल्या एका जाडजूड बाळानं झोपेत लाथ मारली. सगळ्यांत कडेला होती मुंगी. ती घरंगळून गवतावर गेली.

आणि उठून बसली.

टक्क डोळे. गालाला टोचलेलं गवत तिनं काढलं, चावून बघितलं, मग पडद्याकडे बोट केलं. "बदक."

मावशींनी मुंगीकडे बघितलं. सतरंजीकडे बघितलं. मग त्या उठल्या, भोंग्याच्या काखेत हात घातले आणि त्याला उचलून गवतावर ठेवला. भोंग्याचे डोळे उघडले. "गाडी," तो म्हणाला, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकालाही कळलं की पडद्यावर गाडी आहे. पाहुण्याला ठेवला, तो उठला. आधीच्याला ठेवला, तो उठला. नंतरचा तर वाटेतच, हवेत असताना उठला. ओट्यावरून भांडं खाली ठेवावं इतकं सोपं होतं ते. इतक्या वर्षांत मावशींना हे कधी सुचलं नव्हतं, कारण झोपलेलं मूल सतरंजीवरून उचलायचं असतं हेच त्यांना माहीत नव्हतं.

वकील शेवटी. ती चांगली जड झाली होती. तिला गवतावर ठेवताना मावशी स्वतःच खाली बसल्या.

"मी झोपले नव्हते," वकील डोळे चोळत म्हणाली.

"बरं."

"बदक कुठून आलं?"

"स्टेशनातून."

"त्याला गाडी चालवायला कुणी शिकवली?"

"आजोबांना विचार. त्यांना माहीत असेल."

"मीच शिकवली," आजोबा म्हणाले. "क्लचला पाय पुरत नव्हता त्याचा."

वकील बाकीच्यांना घेऊन अगदी पुढे, पडद्याच्या जवळ जाऊन बसली. बदकाची गाडी पुलावर आली तेव्हा भोंगा उभा राहून त्याला सावध करत होता. पुलाला फळी नाही, हे त्यानं बदकाच्या आधी बघितलं होतं.

वकिलाची आई आली ती याच वेळी, इस्पितळातून थेट, पांढरे बूट घालून. अंधारात तिला निळी सतरंजी आधी दिसली, आणि सतरंजीवर रांगेनं झोपलेली मुलं. तिचा चेहरा बदलला. ती खाली वाकली, एकेक चेहरा बघत गेली आणि एकदम घाबरली.

"मावशी, ही कोण मुलं? माझी कुठेय?"

"ही माझी नव्हेत. लोकांची आहेत," मावशी म्हणाल्या. "तुझी ती बघ पुढे. भांडतेय."

वकील उभी राहून नंतरच्याला समजावत होती की बदकानं आधी तिकीट काढायला हवं होतं. तिचा हात कमरेवर होता आणि पडद्याचा उजेड तोंडावर. आईनं बराच वेळ तिकडे बघितलं. मग एक मोठा श्वास सोडला. "दोन मिनिटं बसते," ती म्हणाली.

"ताई, तिथे नको," आजोबा घाईनं उठले. "माझं स्टूल घ्या."

"असू दे हो." तिनं बूट काढले आणि दोन पोरांच्या मध्ये सतरंजीवर टेकली. बसली. मग एक हात टेकला, मग कोपर टेकलं. "आज सकाळपासून उभी आहे मी," ती म्हणाली. हे ती कुणाला सांगत होती ते तिलाही कळलं नसावं. मावशींचा हात कधी तिच्या पाठीवर गेला, ते त्यांना समजलं नाही.

"दार झोपलं," त्या म्हणाल्या.

खिडकीची गरज पडली नाही.

सिनेमा संपला. बदकानं गाडी समुद्रापर्यंत नेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, दिवे आले. एकेक आईबाप येऊन आपापलं पोर उचलून, आभार मानून गेले. कुणी तरी तर विचारलं, "पुढच्या शनिवारी बसता ना इथेच?" जुळ्यांचे बाबा आले. त्यांनी मुलांचं कौतुक ऐकलं, आणि मग जरा अवघडून म्हणाले, "मावशी, आमचं मात्र नक्की झालंय हं. ते कोपऱ्यावरचं नवीन माझ्या ऑफिसच्या वाटेवर पडतं." मावशी म्हणाल्या, "वाटेवर असेल तर काय बोलायचं." आधीच्याच्या आणि नंतरच्याच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला. कोण कुठला, ते आत्ताही कळलं नाही.

मग सतरंजीवर एकच माणूस उरलं. दुकानाचा मालक पडदा सोडवत होता आणि हिच्याभोवती फिरताना पाऊल न वाजवता चालत होता.

"आईला उठवू नका," वकील म्हणाली. "ती कधी झोपत नाही."

"आणि घरी कसं न्यायचं गं तिला? दोरी बांधून?" आजोबा म्हणाले.

मावशींनी विचार केला. एवढ्या मोठ्या बाईला उचलणं शक्य नव्हतं. "सगळे या कडेला या," त्या म्हणाल्या. वकील, भोंगा, पाहुणा, मुंगी, न्यायला आलेले पाहुण्याचे बाबा आणि आजोबा, सगळ्यांनी सतरंजीची कड धरली. आजोबांनी "चला, जाऊ दे" म्हटलं आणि सगळ्यांनी ओढली. नर्सबाई एकदा वळल्या, दोनदा वळल्या आणि गवतावर उठून बसल्या.

"कुठला पेशंट?" तिनं विचारलं.

मग तिला सगळं दिसलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हसायलाच लागली. तिला हसताना मावशींनी कधी बघितलं नव्हतं. वकिलानंही बघितलं नसावं, कारण ती "का?" विचारायची विसरली.

मावशी तिच्यासमोर गवतावर बसल्या. "हे बघ," त्या म्हणाल्या. "मला मुलं उठवता येत नव्हती. तुला सांगितलं नाही, लाज वाटायची. आज कळलं कसं करायचं ते. हिची अर्धी झोप झाली की हिला सतरंजीवरून काढून फरशीवर ठेवीन. उठेल. मग रात्री तुझ्या पोटावर बसणार नाही."

"फरशी गार असते," वकील म्हणाली.

"म्हणूनच."

आई बुटांचे बंद बांधत होती. बांधून झाल्यावरही ती वाकूनच राहिली. "सोमवारी हिला आणते," ती म्हणाली. "नेहमीच्या वेळेला. झोपली रात्री, तर मग तिकडे नाही घालत." ती उभी राहिली, केसांतलं गवत काढलं, वकिलाचा हात धरला. दोन पावलं गेली आणि परत वळली. "मावशी, बुधवारी मला सुट्टी असते."

"बरं."

"ही तुमच्याकडे असते तेव्हा दुपारी मी घरी... म्हणजे घरी मला झोपच लागत नाही..." तिला पुढचं म्हणता येईना.

"जेवून ये," मावशी सतरंजीची घडी घालत म्हणाल्या. "जुळ्यांची जागा रिकामी झालीय, दाराकडची. तुला जरा पाय मुडपून झोपावं लागेल."